कान्हेरीचं गाऱ्हाणं

माझा आवाज गेला तेव्हा आमच्या कांदिवलीच्या चाळीत पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पूजेचं निवेदन असो की नाटक, माझ्या हातातून माईक सोडवायला दोन माणसं लागत. अशा माझ्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी दोन महिने मौन सांगितलं. तेवढ्याने बसली नाही तर ऑपरेशन, आणि मग आवाज पूर्वीसारखा राहील याची हमी नाही. बाहेरून मी हातवारे करून सगळ्यांना हसवत होतो, आतून देवावर रुसलो होतो. परत घ्यायचाच होता, तर दिला कशाला?

तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, आईने फर्मान काढलं, मला कान्हेरी दाखव. इतकी वर्षं त्या डोंगराच्या एवढ्या जवळ राहून तिने लेणी पाहिली नव्हती. बोरिवलीच्या जंगलातून आम्ही मायलेक चढत गेलो. डोंगरात कोरलेलं ते भिक्षूंचं नगरच. गल्लीसारख्या पायऱ्या, दाराशी पाण्याचं टाकं, आत बसायला-निजायला दगडी ओटे. आईला ओटे फार आवडले, झाडायला सोपे म्हणून. मी गळ्यात पाटी अडकवून गाईड झालो होतो. एका गुहेपाशी लिहिलं, 'इथे राजाचा न्हावी राहत असे.' आईने सावकाश वाचलं आणि म्हणाली, "खोटा बोलूक तुका तोंडसुद्धा लागणा नाय."

मोठ्या चैत्याच्या ओसरीत मात्र ती मान वर करून पाहत राहिली. दोन्ही टोकांना बुद्धांच्या उभ्या मूर्ती आहेत, माणसाचं डोकं त्यांच्या गुडघ्याशीही पोचत नाही. एका मूर्तीपुढे घाटकोपरहून आलेलं एक कुटुंब नुकतंच वंदना आटोपून बसलं होतं. आईने पिशवीतून नारळ काढला, मूर्तीच्या पायांशी ठेवला आणि पदर सावरून उभी राहिली. ती गाऱ्हाणं घालणार होती. आमच्या कोकणात देवापुढे असं मोठ्याने मागणं मांडतात आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. घरी ते आधी बाबा घालत, ते गेल्यावर मी. मी घाईघाईने लिहिलं, 'हे बुद्ध आहेत. इथे नवस चालत नाही.' सकाळपासून पाटी वाचणारी आई म्हणाली, "चष्मो नाय हाडलंय."

आणि तिने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या पोराचो आवाज तूच दिलंस, म्हाराजा." ती थांबली. उत्तर द्यायला मी एकटाच, आणि माझं तोंड बंद. उत्तराशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. ती तशीच हात जोडून वाट पाहत राहिली. ते लोक आता रागावणार, या भीतीने मी मान खाली घातली.

मागून भरदार आवाज आला, "व्हय म्हाराजा."

त्या कुटुंबातले पन्नाशीचे गृहस्थ उठून उभे राहिले होते. आईने मागे वळूनही पाहिलं नाही. "तुका तो होयो आसात तर ठेव, म्हाराजा. पण ह्येचा मन खचूक देऊ नको, म्हाराजा."

मी समजत होतो, ती माझा आवाज मागायला आली आहे. तिने तो देऊन टाकला होता. दोन महिने धरून ठेवलेलं काहीतरी माझ्या आत सुटलं. त्या सगळ्या कुटुंबाने या वेळी उत्तर दिलं, आणि त्यात एक घोगरा, चिरका आवाज मिसळला. तो माझा होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. गाठ बसली होती. मौनाचा गुण, ते म्हणाले. असेलही. मी वाद घातला नाही, याचंच माझ्या ओळखीच्यांना नवल वाटलं.

आदल्या दिवशी डोंगर उतरताना त्या 'व्हय' म्हणणाऱ्या काकांचे आभार मानायला मी पाटी पुढे केली होती. बुद्धापुढे गाऱ्हाणं घातलं, माफ करा, असंही लिहिलं होतं. ते आमच्याच कोकणातले, कणकवलीकडचे निघाले. हसून आईकडे हात करत म्हणाले, "मियां देवाक व्हय म्हणूक नाय रे. तुझ्या आवशीक म्हटलंय."

आता आई नाही. मी पुन्हा भरपूर बोलतो, माईकही सोडत नाही. फक्त समोर कुणी वाक्य अर्धवट ठेवून थांबलं, की माझी गोष्ट बाजूला ठेवतो आणि आधी त्याला 'व्हय' म्हणतो.