लाट नसलेली जागा

आमच्या नांदेडच्या घरी कोकणच्या सहलीचा विषय निघाला की सून पाहुण्यांना माझ्याविषयी सांगते, "मामंजींनीच ती जागा निवडली होती."

हे साफ खोटे आहे. किनारा मी निवडला, एवढे मान्य. गावाजवळच्या किनाऱ्यावर गटाराचे पाणी उतरत होते, म्हणून मी सर्वांना पलीकडच्या स्वच्छ किनाऱ्यावर नेले. तिथे गावकरी लाटांत डुंबत होते. त्यांच्याजवळच राहा, असे मी मुलाला बजावले होते. पण आम्ही गोदाकाठची माणसे. उसळत्या पाण्याला भितो आणि संथ पाण्यावर भरवसा ठेवतो. बाजूला एका पट्ट्यात लाटा फुटत नव्हत्या. मुलगा टॉवेल माझ्याकडे देऊन नेमका तिथे उतरला आणि ओरडला, "बाबा, इकडं या! इथं लाटच न्हाई, आपल्या गोदावरीवानी हाय!"

किनाऱ्यावर आलेले पाणी त्याच पट्ट्यातून समुद्रात परतत होते; ते त्याला आत ओढू लागले. सून म्हणते, मी नुसता उभा राहिलो. मी घसा फुटेपर्यंत ओरडलो. वारा समोरून होता. धावत आत शिरलो, तर पुराची गोदावरी पोहून गेलेल्या मला गुडघाभर पाण्यातच लाटेने खाली बसवले.

मुलगा पाठीवर तरंगत राहिला आणि लाटांनी त्याला बऱ्याच अंतरावर वाळूत आणून टाकले. तसे तरंगायला मीच शिकवले होते. ते सून सांगत नाही. मात्र "तोवर तुम्ही काय करत होतात?" असे तिने विचारले की मी पाहुण्यांना चहाचे विचारतो. पाण्यात बसून, त्याचा टॉवेल भिजू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी वर धरला होता.