वजनदार बाईची बॅटरीची सायकल: भेस्तान ते चलथाण

जाडजूड माणसाला बॅटरीची सायकल झेपते का, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. झेपते. मी नव्वदच्या दशकात, सुरतमध्ये ई-सायकल हा शब्दही कुणी ऐकला नव्हता तेव्हा, भेस्तानहून चलथाणला अशा सायकलवर गेले होते. तो प्रवास सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग झाला तर बरंच.

चलथाणच्या साखर कारखान्याच्या आसपास हंगामात ऊसतोड कामगारांचे पडाव पडायचे. बरीच कुटुंबं धुळे-नंदुरबारकडची. त्यांच्या पोरांसाठी एक निवृत्त गुरुजी शाळा चालवत. मला अहिराणी येते म्हणून त्यांनी मला शिकवायला याल का असं विचारलं. अडचण होती ती जाण्या-येण्याची. पडाव शेतांच्या मधोमध, आत रिक्षा जात नसे. बाहेरच्या रस्त्यापर्यंत नेणारे शटल-रिक्षावाले मला बघून दोन सीटचं भाडं सांगत. गुडघे दुखरे, त्यामुळे चालायचा प्रश्नच नव्हता. माझ्याआधीच्या दोन शिक्षिका रस्त्याला कंटाळून सोडून गेल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "रविवारी येऊन रस्ता बघा आणि हो की नाही ते सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर यंदा वर्ग बंद." वर्ग बंद म्हणजे पोरं आईबापांबरोबर उसात. मी त्याच क्षणी ठरवलं की जायचं, आणि स्वतःच्या वाहनानं जायचं.

वाहन बनवलं भगवाननं. भगवान माझा धाकटा दीर, पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर. त्यानं दूधवाल्याची जुनी सायकल घेतली, कारण तिचे स्पोक जाड आणि फ्रेम दणकट. भंगारातली मोटर मागच्या चाकाला जोडली आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅटरी टांगली. मग मान खाली घालून त्यानं विचारलं, "वहिनी, कितलं वजन धरू?"

"पंच्याऐंशी धर," मी म्हणाले. काटा शेवटचा कधी बघितला होता ते मलाच आठवत नव्हतं, पण पंच्याऐंशी तर नक्कीच नव्हतं.

मिलमध्ये वजन म्हटलं की ताके. भगवान स्वतः बावन्न किलोचा. त्यानं कॅरिअरवर तेहेतीस किलोचे कापडाचे ताके बांधले आणि बॅटरी संपेपर्यंत सायकल फिरवली. आल्यावर म्हणाला, "जाशात आनि येशात बी." मी खूश.

रविवारी सकाळी सातला निघाले. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. रेल्वे फाटकाशी थांबावं लागलं, तेवढ्या वेळात दहा माणसं सायकलभोवती जमली. एकानं टाकी शोधत विचारलं, "बेन, पेट्रोल क्यां नाखो?" मी म्हटलं, "नथी नाखता," आणि फाटक उघडताच बटण दाबलं. मोटर सूतगिरणीसारखी घरघरली आणि मी चक्क पॅडल न मारता पुढे गेले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी अलगद उचलून नेत होतं. फार आनंद झाला, तो लपवायचं काही कारण नाही.

डिंडोलीनंतर आतल्या रस्त्यांना लागले. थंडीचे दिवस, कडेला पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, भाजणारे बसलेले. पाच रुपयांचा पोंक घेतला, वर शेव आणि लिंबू. जड माणसांसाठी एक सूचना: मागच्या चाकात हवा कडक ठेवा आणि पोंक एकच पुडी घ्या. मी दोन घेतल्या.

चलथाण तीनेक किलोमीटर राहिलं असताना मोटरचा आवाज बारीक झाला आणि बंद पडला. खाली उतरून तारा हलवून बघितल्या. तारांना काही झालं नव्हतं, बॅटरी संपली होती. येण्या-जाण्याचा हिशेब जाण्यातच आटोपला होता आणि त्याचं कारण त्या रस्त्यावर फक्त मला माहीत होतं.

उसाची बैलगाडी मागून आली. गाडीवान म्हणाला, "बेसी जाओ, सायकल उपर नाखी दउं." मी नको म्हटलं. रोज काही बैलगाडी भेटणार नव्हती. पॅडल मारायला लागले. सायकल, मोटर, दोन बॅटऱ्या आणि मी. शंभर पॅडल मारायची, उतरून दम खायचा, पुन्हा शंभर. गुडघ्यांनी जेवढ्या शिव्या द्यायच्या तेवढ्या दिल्या. पडावात पोचले तेव्हा घामानं निथळत होते. खोपटापुढे पंधरा-वीस पोरं ओळीत बसलेली. त्यांतल्या एकीची आई म्हणाली, "बाई, पोरं सकायपाईन बठेल शेतस." सकाळपासून बसलेल्या त्या पोरांच्याच ओळीत मी खाली बसले, उभं राहायची ताकद नव्हती. तशीच बसून तासभर गोष्टी सांगितल्या.

दुपारी गुरुजींनी मला रस्त्यावरच्या बॅटरी चार्जिंगवाल्याकडे नेलं. शेजारीच गोदामात साखरेची पोती मोजायचा काटा होता. चार्जिंगवाल्यानं बॅटऱ्या तपासल्या, दोष सापडला नाही. "बेटरी तो सारी छे. बेन, वजन केटलुं?"

पंच्याऐंशी अगदी ओठावर आलं होतं. पण उद्यापासून रोज यायचं, तर खोटं बोलून मोटर काही जास्त ओढणार नव्हती. मी उठले आणि काट्यावर जाऊन उभी राहिले. हमाल वाकून म्हणाला, "एक बोरी, ऊपर से चार किलो." तेव्हा साखरेचं पोतं शंभर किलोचं असायचं. चार्जिंगवाला हसला नाही. "तो पछी बराबर," मग हिशेब जुळला, एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. मी गुरुजींना सांगितलं, "उद्या येते."

चार तासांत बॅटरी अर्धीच भरली. म्हणून परतीला सपाट रस्त्यावर पॅडल आणि चढाला मोटर, असं करत आले. हीच युक्ती आजच्या महागड्या सायकललाही लागू पडते. दिवेलागणीला भेस्तानला पोचले.

भगवान ओट्यावर वाट बघत होता. मी सायकल लावली आणि एका दमात सांगून टाकलं, "भगवान, एकशे चार. मी खोटं सांगितलं होतं. तीन किलोमीटर पॅडल मारत गेले."

तो खाली बसून बॅटरीच्या तारा पुसू लागला. मग म्हणाला, "माले मालूम व्हतं, वहिनी. पन मोठी वहिनीना शबद कसा मोडू? तुम्ही सांगं तितलंच धरं."

मी लाजेनं खोटं बोलले आणि त्यानं मानानं ते खरं मानलं. दोघांनी मिळून मला बरोबर तीन किलोमीटर अलीकडे नेऊन सोडलं होतं. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग त्याच्यासमोरच रडू आलं.

त्यानं तिसरी बॅटरी कुठूनशी पैदा केली, दातेरी चाक बदललं. सोमवारी पहाटे मला जाग आली ती सायकलच्या घरघरीनं. दारात येऊन बघितलं तर भगवान चाचणीच्या छोट्या फेरीला निघाला होता, मागे ताक्यांचा हा एवढा ढीग. मी विचारलं, "किती बांधलेस?"

"बावन्न," तो मान वर करून म्हणाला, "आनि तुमना डबाना दोन."