शेजाऱ्यांच्या चाव्या

किन्हवलीहून शहापूरला जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. कमरेला चाव्यांचा जुडगा, मांडीवर डबा. लेक शहापूरच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, तिच्याकडे निघाली होती. तेवढ्यात तिला आळीतून फोन आला. तिचे शेजारी घराला कुलूप लावून म्हसाच्या जत्रेला गेलेले. आत नळ चालू राहिलेला आणि पाणी दाराखालून अंगणात येत होतं. घरात वर्षाच्या भाताच्या गोणी.

“अरे, तोडा ना कुलूप!” ती ओरडली.

“दुसऱ्याचं कुलूप कोन तोडील? चावी तुझ्याकडं हाय ना?” पलीकडून आवाज आला.

तिनं कपाळावर हात मारला. “मला कुठं जायचंच नसतं, असं धरून आख्खी आळी चाव्या देते,” ती मला म्हणाली. पुढच्या फाट्यावर ती उतरली. जाताना लेकीचं नाव सांगून डबा माझ्या हातात कोंबला. “ताई, एवढा लेकीला द्या.”

दवाखान्यात लेकीनं डबा पाहिला. मी कोण, हेही तिनं विचारलं नाही.

“आज कोनाचं घर उघडाया गेली?” म्हणत तिनं आईला फोन लावला.

“खालच्या गोणी भिजल्या गो,” आई धापा टाकत म्हणाली. “भात वाळत घालते नि येते.”