चाचांचा चिनी मातीचा संच

चिनी मातीचे जुने बुद्धिबळाचे संच गोळा करायचा नाद मला चाळिशीत लागला. भिवंडीतल्या एका भंगारवाल्याकडे बरण्यांच्या ढिगात अर्धा संच सापडला, तिथून सुरुवात. पुढे गोदामातल्या नोकरीतून सुट्टी मिळाली की मी तेच शोधत फिरायचो. आठ वर्षांत चार संच जमले. एकही पूर्ण नव्हता.

पूर्ण संच होता भिवंडीतल्याच नारपोलीच्या चाचांकडे. चाचा छोटे लूममालक, दोन-चार यंत्रमागांचे. त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते, त्यांनी कुठल्याशा परदेशी बंदरातून तो आणलेला. अर्धे मोहरे दुधी पांढरे, अर्धे गडद निळे. घोड्यांची आयाळ तर केस न् केस कोरलेली. शुक्रवारी लूम बंद असत. नमाज, जेवण उरकलं की आम्ही खेळायला बसायचो. बहुतेक चाचाच जिंकायचे. माझं लक्ष डावात कुठे असायचं!

दोन-तीनदा मी तो संच मागितलाही.

"लेकीसाठी ठेवलाय," ते म्हणायचे. "यावरच शिकली ती."

लेक लग्न होऊन आखातात गेली होती.

मग चाचांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लूम विकले. मी मात्र शुक्रवारी जात राहिलो. लोक म्हणत, किती जीव लावतो हा माणूस. जीव होताच, खोटं नाही. पण एकदा चाची आत चहा करत होत्या, तेव्हा मी चाचांच्या कानाशी वाकलो. म्हणालो, "चाचा, तो संच मला द्या. मी सांभाळीन."

त्यांनी डावा हात कसाबसा उचलला आणि नाही म्हणून हलवला. डोळ्यांतून पाणी आलं. मी ते रुमालाने पुसलं आणि पुन्हा विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

दीड महिन्याने ते गेले. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर चाचींनी संचाची पेटी माझ्यापुढे ठेवली. "तुम्हीच खेळायचात त्यांच्यासोबत. घेऊन जा. त्यांनाही बरं वाटेल."

 पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आलो.

लेकीला मयतीला पोचता आलं नव्हतं. ती चार महिन्यांनी आली, ती थेट माझ्या दारात. "काका, अब्बांचं बुद्धिबळ तुमच्याकडे आहे ना? अम्मी म्हणाली."

"फुटलं गं," मी म्हणालो. "रिक्षातून उतरताना पेटी पडली."

"तुकडे तरी?"

"टाकून दिले."

 ती मलाच समजावू लागली, "वाईट वाटून घेऊ नका, काका. अब्बांना तुमचा फार आधार होता."

माझी बायको पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होती. लेक गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मग कपाटात काय आहे?"

पंधरा दिवसांनी मी पेटी घेऊन नारपोलीला गेलो. घराला कुलूप होतं. लेक आईला सोबत आखातात घेऊन गेली, असं शेजारणीने सांगितलं. तिच्याकडून चाचींचा तिकडचा नंबर घेऊन मी जिन्यातूनच फोन लावला. चाचींनी उचलला.

"कोण? कोण बोलतंय?"

मी फोन बंद केला. त्यानंतर कधी लावला नाही.