आधी स्वतःची खोली

नायगावच्या आमच्या वृद्धाश्रमात दर आठवड्याला परळहून एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई व्हिडिओ कॉलवर येतात. जेवणं, कपडे घालणं आपल्या हातांनी कसं जमवायचं ते आजी-आजोबांना शिकवतात. मी इथली मदतनीस; फोन मी धरते. बाईंची एक खोड आहे. आधी त्या फोन फिरवून स्वतःची खोली दाखवतात: कपाट, वाळत घातलेले गाऊन, लावलेलं दार. "बघा, माझ्याकडे कोणी नाही. आता तुमच्याकडे कोण कोण आहे ते दाखवा." मग आमची झाडूवाली मावशीसुद्धा स्क्रीनसमोर येऊन नाव सांगते.

त्या दिवशी कोळीवाड्यातल्या आजी होत्या. पॅरॅलिसिसनंतर घास तोंडापर्यंत जातो का, ते बघायचं होतं. मॅनेजरसाहेबांनी आजींच्या मुलाला गुपचूप कॉलवर घेतलं होतं. स्क्रीनवर त्याचं नाव दिसताच बाई थांबल्या.

"आजी, तुमचा मुलगाही बघतोय. चालेल?"

आजींनी ताट दूर सरकवलं. "त्याला नको."

"मॅडम, त्यांनीच तर आजींना इथे ठेवलंय," साहेब म्हणाले.

"हात आजींचा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या आणि मुलाला कॉलमधून जायला सांगितलं. तो गेला. साहेबांपुढे असं बोलताना मी कोणाला ऐकलं नव्हतं.

आजींनी ताट परत जवळ ओढलं. मग अधू हाताने त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला.

"आता बघ गो," त्या स्क्रीनवरच्या बाईंना म्हणाल्या.