कोऱ्या गालाची चिंधी

सुनेने मॉइश्चरायझरची ट्यूब हातात दिली, तेव्हा भिंगबाईंनी आधी झाकण काढून तोंडावरची चंदेरी चकती शाबूत आहे का ते पाहिलं. मग शेपटीकडची तारीख पाहिली. मग सुनेकडे पाहिलं.

"दुकानात खपत नव्हती वाटतं?"

सून औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. माणसांची दुखणी ऐकून ऐकून तिला सहनशक्ती आली होती, आणि जी कमी पडत होती ती घरात सासूबाईंनी पुरी करून घेतली होती. ती शांतपणे म्हणाली, "विकत आणलीय, आई. पावती दाखवू?"

"दाखव."

पावती आली. भिंगबाईंनी तीही उजेडात धरून पाहिली, घडी घालून ठेवून दिली आणि म्हणाल्या, "बघू."

'भिंगबाई' हे नाव त्यांना शर्टांच्या कारखान्यात पडलं होतं. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं एक जाड भिंग, समोर पांढराशुभ्र दिवा, आणि शेवटचं टेबल. कापणारे, शिवणारे, काजं करणारे, इस्त्री करणारे असे सगळे हात फिरून शर्ट या टेबलावर यायचा, आणि भिंगबाईंनी 'हो' म्हटल्याशिवाय खोक्यात जायचा नाही. उसवलेला टाका, वाकडी शिवण, सुईचं भोक, काहीही दिसलं की त्या तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायच्या. सतरा वर्षं त्या डोळ्यांत तेल घालून तिथे बसल्या होत्या, आणि सतरा वर्षांत त्यांच्या टेबलावरून गेलेला एकही शर्ट परत आला नव्हता. ही त्यांची इस्टेट. दुसरी काही त्यांनी कमावली नव्हती आणि कमवायची इच्छाही नव्हती.

पण दिवसभर खोट शोधणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन ती नजर खुंटीला कशी टांगणार? भाजीवाला तराजूशी काय करतो, शेजारीण इतकं गोड का बोलते, मुलगा 'सहज' फोन का करतो, या सगळ्यात त्यांना कुठेतरी पाणी मुरताना दिसायचं. कधीकधी ते खरंच मुरत असायचं, आणि त्यामुळे त्यांची खोड आणखी पक्की व्हायची.

आता त्यांच्या चेहऱ्याचं सांगायला हवं. चेहरा जन्माचा तेलकट. त्यात हे दमट दिवस. हवा अशी जड की वाळत घातलेला रुमाल दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागायचा. दहा वाजता नाक चमकायला लागायचं, बारा वाजता कपाळ, आणि दोन वाजता अख्खा चेहरा नुकता घासलेल्या भांड्यासारखा. यावर बाईंचा उपाय एकच, साबण. सकाळी, कामावर पोचल्यावर, चहाच्या वेळी, जेवणाआधी, जेवणानंतर. अंग घासायचा तोच साबण. त्यामुळे नाकाच्या कडेला साल निघायची, गाल हसताना ताणायचे (हसण्याची वेळ क्वचित यायची, म्हणून निभावत होतं), आणि तासाभरात तेल पुन्हा हजर.

"तुम्ही जितकं खरवडता, तितकं ते वर येतं," सून म्हणाली. "साबण दोनदाच लावा, सौम्य. आणि सकाळी वर हलकं मॉइश्चरायझर. पाण्यासारखं, जेलचं."

"आधीच तेल गळतंय आणि त्यावर आणखी चोपडू? आगीत तेल ओतायचा सल्ला कोणत्या डॉक्टरने दिला?"

"त्यात तेल नाहीये, आई."

"डब्यावर लिहिलेलं सगळं खरं असतं का?"

सुनेने हात टेकले. दुसऱ्या दिवशी तिने आणखी दोन प्रकार आणून टेबलावर ठेवले: बाटलीतलं पातळ लोशन आणि डबीतलं घट्ट पांढरं क्रीम. "घ्या. तुम्हीच तपासा. तुमचा धंदाच आहे तो."

बोलली ती वैतागून, पण भिंगबाईंना कल्पना पसंत पडली. त्यांनी कारखान्यातून कॉलरच्या कापडाच्या चार पांढऱ्या चिंध्या आणल्या. ठरवलं असं: सोमवारी डबी, मंगळवारी बाटली, बुधवारी ट्यूब, आणि गुरुवारी काहीच नाही, कोरा गाल. दुपारी दोन वाजता गालावर चिंधी दाबायची, दिवसाचं नाव टाकायचं, शर्ट घालतात तसल्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि दोन आठवडे कपाटावर ठेवून द्यायची. कोरी चिंधी सर्वांत स्वच्छ निघणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. ती सुनेच्या समोर धरून काय बोलायचं, तेही ठरलं होतं.

पण मॉइश्चरायझर हा त्यांच्या डोक्यातला लहान घोर होता. मोठा घोर कारखान्यात होता.

शर्ट परत आले होते. सतरा वर्षांत पहिल्यांदा. बारीक सुताच्या पांढऱ्या शर्टांची मोठी खेप गेली होती, त्यातले अकरा शर्ट महिन्याभराने परत आले. प्रत्येकाच्या कॉलरच्या डाव्या टोकावर अंगठ्याएवढा पिवळट डाग. सुपरवायझरने ते भिंगबाईंच्या टेबलावर मांडले.

"माझ्याकडून जाताना हे पांढरे होते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

कोणी केलं? बाईंनी विचार करायला अर्धा दिवसही घेतला नाही. चार महिन्यांपूर्वी कारखान्यात वाफेची इस्त्री आली होती, आणि तिच्यासोबत नवा इस्त्रीवाला. तिशीचा, मितभाषी, मान खाली घालून काम करणारा. मान खाली घालणाऱ्या माणसाबद्दल भिंगबाईंचं मत पहिल्यापासून वाईट होतं. टाकीत तेल मिसळत असणार, वाफेबरोबर ते कापडात जात असणार, ओलं असताना दिसत नसणार आणि नंतर पिवळं पडत असणार. मेकॅनिकने टाकी उघडून दाखवली. आत स्वच्छ पाणी. "दाखवायच्या आधी धुतली असेल," बाई म्हणाल्या.

वाफेच्या इस्त्रीवर त्यांचा आणखी एक राग होता. जुन्या कोरड्या इस्त्रीतून शर्ट कडक होऊन यायचा. या नवीनमधून यायचा तो किंचित दमट, आणि दमट शर्ट पिशवीत बंद झाला की त्याला बुरशी. सतरा वर्षांच्या कामाने बोटं घट्टे पडून बहिरी झालेली, त्यांना ओल कळायची नाही. म्हणून बाई त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या चेकरणीची युक्ती करायच्या. भिंगाखाली शर्ट पाहून झाला की कॉलर उचलून क्षणभर गालाला लावायची. गार लागली तर परत दोरीवर, नाही तर खोक्यात. पूर्वी दिवसातून चार-पाच वेळा करायची ही गोष्ट आता त्या प्रत्येक शर्टाला करत होत्या. इतक्या नेमाने, की आपण काही करतो आहोत हे त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

तुमच्या आत्ता लक्षात आलं असेल. त्यांच्या आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच, इथे फक्त तो काखेच्या जरा वर होता.

सुपरवायझर म्हणाला, "बाई, तुमचा शब्द म्हणजे शब्द. महिनाअखेरपर्यंत बघतो, मग त्याला काढून टाकतो." इस्त्रीवाला चार पावलांवर उभा होता. त्याने ऐकलं आणि पुढचा शर्ट उचलला. भिंगबाईंना त्याचं ते न भांडणंही संशयास्पद वाटलं. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो, असा त्यांचा हिशोब.

महिना संपायच्या आदल्या रविवारी दुपारी सून कपड्यांच्या घड्या करत होती. भिंगबाईंनी कपाटावरून पिशव्या काढल्या, खिडकीपाशी पांढरा कागद पसरला आणि भिंग डोळ्याला लावलं.

डबीतल्या क्रीमची चिंधी मेणचट पिवळी होती. बाटलीची जरा कमी. ट्यूबच्या चिंधीवर शोधून एक पुसट सावली सापडली. "ही बरी दिसतेय," त्या नाइलाजाने म्हणाल्या. मग कोरी चिंधी काढली.

ती सगळ्यांत वाईट होती.

नुसती वाईट असती तर बाईंनी सुनेवर आळ घेतला असता, पिशव्या बदलल्या म्हणून. पण डागाचा आकार त्यांच्या ओळखीचा होता. अंगठ्याएवढा, एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने तुटलेला. गालाचं हाड कापडावर जेवढं टेकतं तेवढाच. असे अकरा अर्धचंद्र त्यांनी भिंगातून इतक्या वेळा पाहिले होते की डोळे मिटूनही काढून दाखवले असते.

त्यांचा हात आपोआप वर गेला, चिंधी गालापर्यंत पोचली, आणि हात तिथेच थांबला. लाज अशी वाटली की खिडकीचा उजेड सहन होईना.

"काय झालं, आई?"

"काही नाही." चिंधी परत पिशवीत घालून त्या म्हणाल्या, "ही ट्यूब सकाळी किती लावायची?"

"वाटाण्याएवढी," सून म्हणाली, आणि आश्चर्याने हातातली घडी तशीच राहिली. सासूबाईंनी नेहमीचा उलट प्रश्न विचारलाच नव्हता.

सोमवारी मात्र त्यांनी ट्यूबला हात लावला नाही. कामावर आल्यावर तोंडही धुतलं नाही. साडेअकरा वाजताच, न धुतलेला चेहरा पुरता तुकतुकल्यावर, त्या सुपरवायझरला इस्त्रीच्या टेबलापाशी घेऊन आल्या. सतरा वर्षांची इस्टेट त्या स्वतःच्या हाताने मोडायला निघाल्या होत्या, आणि न मोडावी असं मनाचा एक कोपरा सांगत होता. चिंधीवरचा डाग पाहिलाय कोणी? चिंधी चुलीत घातली की झालं. तो तरुण आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल. हे सगळं त्यांनी रविवारी रात्रभर स्वतःला सांगून पाहिलं होतं.

"ते डाग इस्त्रीचे नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्या गालाचे आहेत."

सुपरवायझर हसला. "बाई, त्याची दया आली का? असं करून चालत नाही."

त्यांनी चिंधी दाखवली. "चिंधीचं काय," तो म्हणाला, "घरच्या घरी कसलंही तेल लागलं असेल."

जन्मभर भिंगबाईंनी इतरांच्या पुराव्यांना हेच उत्तर दिलं होतं. ते समोरून आल्यावर कसं लागतं, हे त्यांना आज कळलं.

मग त्यांनी कॉलरमध्ये घालतात तो पातळ कागद ओढला, गालावर दाबला आणि दिव्यासमोर धरला. कागदात आरपार दिसणारा अर्धचंद्र उमटला होता. परत आलेला एक शर्ट घेऊन त्यांनी तो कागद त्याच्या कॉलरवर ठेवला. कड कडेला जुळली. आजूबाजूची यंत्रं एकेक करून थांबली.

"खोट माझी आहे," बाई म्हणाल्या. लाल बाणाची पट्टी काढून त्यांनी ती त्या डागाशी लावली आणि पट्टीवर, जिथे आजवर त्या दुसऱ्यांचे नंबर लिहीत आल्या होत्या, तिथे स्वतःचा नंबर लिहिला. "याला काढू नका. मला काय करायचं ते करा."

"जेवणानंतर ऑफिसात या," एवढंच सुपरवायझर म्हणाला आणि गेला.

इस्त्रीवाल्याने इस्त्री स्टँडवर ठेवली होती. बाई त्याच्याकडे वळल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, शब्द सापडेनात. "माझं चुकलं रे," त्या म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते मी."

"मला माहीत होतं, मावशी."

"काय माहीत होतं?"

"डाग कुठून येतात ते. मी इथे समोरच असतो. तुम्ही प्रत्येक कॉलर गालाला लावता."

भिंगबाईंना आधी संताप आला. "मग तोंड शिवलं होतं का तुझं? नोकरी चालली होती!"

"कोणाला सांगू? तुमची सतरा वर्षं, माझे चार महिने." त्याने कपाळाचा घाम बाहीने पुसला. "आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, स्वतःचं पाप माझ्या माथी मारतोय."

त्या तेच म्हणाल्या असत्या. याच शब्दांत.

यंत्रं पुन्हा सुरू झाली. त्या आपल्या टेबलावर जाऊन बसल्या, पुढचा शर्ट दिव्याखाली घेतला, शिवण पाहिली, काजं पाहिली. मग कॉलर उचलली आणि गालाच्या चार बोटं अलीकडे हात थांबला. बोटांना तर काहीच कळत नव्हतं. त्यांनी मान वर करून समोर पाहिलं.

इस्त्रीवाला दोन पावलं पुढे आला. हाताची मागची बाजू त्याने कॉलरला लावली.

"कोरडा आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

भिंगबाईंनी शर्ट खोक्यात ठेवला. मग पुढचा शर्ट उचलला आणि आधी त्याच्यापुढे धरला.