रेश्माचे बूट परत आले

मैत्रिणींनो, आज सकाळी बातमी वाचली. इटलीची एक स्ट्रायकर छत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाली. अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माझ्या मोबाईलवर तिचे गोल बघूनच आमची रेश्मा खेळायला शिकली.

शाळेतून निवृत्त झाले तरी मी मुलींना फुटबॉल शिकवते. उद्या रेश्माची जिल्हा संघासाठी निवड चाचणी, म्हणून दुपारी तिला आणायला पाथर्डीकडच्या तिच्या गावी गेले.

दारात मांडव. रेश्माला हळद लागलेली.

तिची आई म्हणाली, "बाई, जावई ऊसतोडीला जातो. एकट्याला मुकादम घेत न्हाई, कोयत्याला नवरा-बायकोची जोडीच लागती."

"म्हणजे कोयत्यासाठी पोरगी देताय?"

"अठरा पुरी झाल्यात तिला. तुमी जेवून जावा."

रेश्माने मी दिलेले, धुऊन ठेवलेले बूट माझ्या हातात दिले. हळूच म्हणाली, "बाई, ती इटलीवाली अजून खेळती ना?"

"खेळते गं," मी म्हणाले.

न जेवता परतले. त्याने कुणाचं काय अडलं? बूट अजून नव्यासारखे आहेत. सांगा, आता ते कोणत्या मुलीला देऊ, आणि किती दिवसांसाठी?